चुकायला जागा

रशीदच्या घरून नसीमभाभींचा फोन आला तेव्हा तो घेण्याऐवजी मी कापला. बोट निघालं होतं हिरव्याकडेच, पोचलं लालवर. उलटा फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "भाईसाब, हे गेले…" मनात आलं, रशीद असता तर त्यानं मला सोडून फोनलाच शिव्या घातल्या असत्या.

त्याच्या मते मी जन्मात कधी चुकलोच नाही, चुकली ती यंत्रं. हे माझ्या बायकोला कधी पटलं नाही. अचलपूरला आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी अमरावतीत मराठी शिकवू लागलो आणि तो अकोल्याच्या एका रुग्णालयात यंत्रांचा इंजिनिअर झाला. नवं यंत्र घेण्याआधी ते सिस्टरांना धडपणे हाताळता येईल का, हे पाहणं त्याच्याकडे होतं आणि त्यासाठी त्यानं शोधलेलं साधन म्हणजे मी. झाकण न लावता मिक्सर सुरू करणारा दुसरा माणूस त्याच्या ओळखीत नव्हता. "मास्तर, ये. नवी मशीन आली. तुले बिघडवाची हाये," असा फोन आला की मी बडनेऱ्याहून गाडी धरायचो.

कपाशीनं सगळ्यांना रडवलं ती वर्षं. फवारताना विष अंगात भिनलेली माणसं वॉर्डात यायची, आणि… मुद्दाम प्यालेलीही. त्यांच्यासाठी सिरिंज पंप घ्यायचे होते, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगानं शिरेत ढकलणारी पेटी. मोठ्या डॉक्टरांना ती पसंत होती. रशीद एकटा अडून बसला होता. त्याच्या शब्दावर पंप परत गेले आणि मधल्या काळात कुणी दगावलं, तर बोल त्यालाच लागणार होता.

पाण्यानं भरलेली सिरिंज लावून त्यानं मला पंपासमोर बसवलं. पंप ओरडला की आवाज बंद करायचा, एवढंच काम. मग त्यानं कानाशी रेडिओ लावला, दोन सिस्टरांना माझ्याशी एकदम बोलायला लावलं आणि स्वतः रुग्णाचा बाप होऊन "माह्या पोराले पाह्य ना जी!" म्हणत माझा हात ओढू लागला. पंप ओरडला. मी बटण दाबलं, आवाज थांबला, मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं… आवाजाबरोबर औषधही थांबलं होतं. दोन्ही बटणं शेजारीशेजारी, एकाच राखाडी रंगाची.

विकायला आलेला टायवाला हसला. "सर, शिकवून घेता येईल. हे गृहस्थ जरा…"

"गधा हाये," रशीद म्हणाला. "लहानपणापासून वळखतो मी त्याले. पण एवढ्या रडारडीत सिस्टरचा हात कुठं जाईन, सांगा?"

मोठे डॉक्टर स्वतः बसले. तसाच गलका झाला आणि त्यांचंही बोट तिथंच गेलं. पंप परत गेले. दुसरे येईपर्यंत रशीद वॉर्डात सिस्टरांच्या आसपास घुटमळत राहिला. "रशीदभाई, तुमची काय गरज हाये इथं?" म्हणून त्या हाकलायच्या, तरी.

फुप्फुसं थकल्यावर घरी त्याच्याच उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं. निवडलं त्यानंच. शेवटच्या भेटीत ते एकाएकी ओरडू लागलं. भाभी आत होत्या. पडद्यावर नळीचं चित्र लुकलुकत होतं. पाहिलं तर नळी त्याच्या कोपराखाली दबलेली. सोडवली, आवाज थांबला. त्यानं डोळे उघडले.

"जमलं तुले?"

"जमलं."

"मंग मशीन चांगली हाये."

माझं कौतुक करणं त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही.

परवा भाभींनी बोलावलं. यंत्र गल्लीतल्या एका आजींना द्यायचं होतं. "देण्याआधी तुमी चालवून पाहा, भाईसाब. त्यायनं तुमालेच बलावलं असतं." त्याच्या पलंगाशेजारी बसलो. डोळे मिटून बटणं दाबून पाहिली, डाव्या हातानं पाहिलं. भाभींना मोठमोठ्यानं बोलायला सांगितलं, तर त्यांनी रेडिओ आणून दिला. तो लावला. मनापासून चुकायला बघत होतो… यंत्र काही चुकू देईना.

"द्या," मी म्हणालो.