शंकरचा खटका

भिकाजीकाका गाडीत चढण्याआधी चाकाला हात लावून तो कपाळाला लावायचे. उतरताना स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, "बस आता गप." रेडी बंदरावर त्यांनी उभी हयात खनिजाचे ट्रक हाकले, पण कुठल्या गाडीला घाबरले नाहीत. १९८६ साली मात्र एका पांढऱ्या पिकअपकडे ते पाठ करून बसू लागले.

ती पिकअप आखातातून आलेली. तिला क्लच नव्हता, गियर आपोआप पडत. उभी करताना दांडा 'पी'वर नेला की गाडी जागची हलत नसे. मुठीवरचं बटण दाबल्याशिवाय दांडा तिथून सुटू नये म्हणून आत एक खटका होता. तिचा पहिला ड्रायव्हर शंकर. बोलता बोलता अंगठ्याने ते बटण वाजवत राहायची त्याला सवय होती. टक्-टक्. टक्-टक्. मे महिन्यात धक्क्याच्या उतारावर इंजिन चालूच ठेवून तो गाडीपुढे विडी ओढत बसला आणि दांडा सुटला.

शंकर गेला. गाडी भिकाजीकाकांना मिळाली.

"माका ती नको, सायबानू."

"मग घरी बसा," साहेब म्हणाले. घरी नर्मदाकाकी होत्या आणि लग्नाची मुलगी.

मी नुकताच डिप्लोमा करून तिथल्या वर्कशॉपात लागलो होतो. मुंबईहून नवा खटका आला, तो बसवायचं काम माझ्याकडे आलं. जेवणाची सुट्टी, उन्हात चिटपाखरू नाही. काका पलीकडच्या वडाखाली बसले होते.

"काका, ही बघा खाच झिजलीय. थरथरीने खीळ निसटते. भूतबीत काही नाही."

"व्हय रे इंजिनेरा. मगे टकटक कोण करता?"

"मीच करतोय."

"तू आता इलंस. मी कधीचो आयकतंय."

मी हसलो. मूठ काढून सीटवर ठेवली होती. माझे दोन्ही हात पान्यावर होते आणि त्या सुट्या मुठीतून आवाज आला. टक्-टक्. पत्रा तापला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

नवा खटका बसला. बटण न दाबता दांडा ओढून पाहिला, हलला नाही. काचा वर करून दार लावलं. जुना खटका भंगारात टाकणार, तोच काकांनी उठून येत तो काढून घेतला. "तेची चीज आसा. तेका पोचवक व्हयी."

त्यांनी तो वडाच्या मुळाशी पानावर ठेवला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं एकट्याने घालत नाहीत. ऐकणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हटलं तरच ते पोचतं.

"तू म्हण हां," म्हणत त्यांनी डोळे मिटले. "बा म्हाराजा, हो शंकर तुझ्या हद्दीत गेलो. तेचा काय चुकला-माकला तां पोटात घाल. तेची चीज तेका दी, आणि ही गाडी माका मोकळी कर रे म्हाराजा!"

मी त्यांच्या मागे उभा होतो. शिकलेल्या माणसाने हे म्हणावं का, या विचारात माझं तोंड उघडलंच नाही.

"व्हय म्हाराजा!"

आवाज माझ्या पाठीमागून आला. बंद पिकअपमधून.

काकांनी डोळे पुसले. मागे वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरा केलंस रे बाबा, म्हटलंस तां. आता चलवतंय मी."

ते चाकाला हात लावून गाडीत चढले आणि निवृत्त होईपर्यंत तीच पिकअप चालवत राहिले. मी त्यांना काही सांगितलं नाही. पण आता कुठेही गाऱ्हाणं चालू असलं, की शेवटचा शब्द पडायच्या आत मी मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकतो. माझ्याआधी दुसऱ्या कुणी म्हणू नये म्हणून.