जावयाला कोण काढणार?

आमच्या सासऱ्यांना बसडेपोत सगळे ‘सायरन’ म्हणतात, कारण ते कुजबुजले तरी फाटकापर्यंत ऐकू जातं. ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायचं त्यांचं काम. एखादा पेंगताना दिसला की त्याला खाली उतरवणार, मग तो कितीही गयावया करो. आणि हाच माणूस रविवारी डेपोच्या बेसबॉल टीमचा मॅनेजर झाला की त्याचं अवसान गळतं. का? तर पिचर, म्हणजे बॉल फेकणारा, मी. जावई!

पिचरचा हात दमला की मॅनेजरनं मैदानात यायचं, बॉल घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. साधी गोष्ट. पण सासरे बाकावरून ओरडणार, ‘वा जावईबापू! अजून दम आहे!’ दम कसला, डोंबल! मी रंगारी माणूस. डेपोच्या भिंती रंगवतो म्हणून मीही डेपोवालाच, असं त्यांनीच ठरवून टाकलेलं. अलीकडे माझा रोलर कानाच्या वर जात नव्हता. एका गिऱ्हाइकाचं छत अर्धंच सोडून आलो होतो. हात गेला तर खायचं काय? पण ‘मला काढा’ म्हणायला जीभ उचलेल तर शपथ.

माझ्या बाजूनं बोलणारं सासरी एकच होतं, सासूबाईंचा व्हिडिओ गेम. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या टीव्हीसमोर बसून बेसबॉल खेळतात. समोरच्या टीमचा मॅनेजर कॉम्प्युटर. त्याच्या पिचरची दमल्याची पट्टी लाल झाली, की बदलला. ना चर्चा, ना मानपान.

‘हा गेम खोटा आहे,’ सासरे म्हणायचे. ‘गडी जिंकतोय, आणि पट्टी लाल झाली म्हणून बाहेर? असं कुणी काढतं का?’

‘त्याला अक्कल आहे,’ सासूबाई बटणं दाबत म्हणायच्या.

‘अक्कल नाही, त्याला नातेवाईक नाहीत! गेम खरा वाटायला हवा ना, तर त्या मॅनेजरला आधी एक लेक द्या, मग जावई द्या, आणि मग म्हणावं, काढ आता!’

‘कॉम्प्युटरचंही अगदीच चुकत नाही म्हणा,’ मी चहाच्या कपात पुटपुटायचो. बायको हसायची. हसेल नाहीतर काय, तिचा खांदा थोडाच ठणकत होता!

मग परवाच्या सामन्यात मी फेकलेला बॉल अर्ध्या वाटेतच जमिनीवर पडला. सासरे उठले, टोपी सारखी करत मैदानात आले. सुटलो, देवा, सुटलो, असं मनात आलं. आणि तोंडातून निघालं, ‘मामा, मला काही झालेलं नाही!’

‘बॉल द्या.’

‘सगळ्यांसमोर? मला काढताय?’

‘जावईबापू, बॉल द्या,’ ते कुजबुजले. म्हणजे सगळ्या मैदानानं ऐकलं.

दिला. आदळलाच म्हणा त्यांच्या हातात. इतके महिने ज्याची वाट पाहिली तेच झालं, आणि माझ्या अंगाची नुसती लाही लाही. गेममधला पिचर बिचारा मुकाट्यानं आत जातो. मी बाकाला लाथ घातली. सामना आम्ही जिंकलो, त्याचा तर आणखीच राग आला.

त्यांच्या घरी आलो, तर सासरे आत येईनात. पायरीवर बसून बुटाची नाडी बांधून पुन्हा सोडत होते. मी तावातावानं बाहेर गेलो.

‘काढायचंच होतं तर आधी का नाही काढलंत? खांदा गेला माझा!’

‘माहितीय,’ ते म्हणाले. ‘छत अर्धं सोडलंत, तेही कळलं होतं. तेव्हाच काढायला हवं होतं.’

‘मग?’

‘वाटलं, काढलं तर तुम्ही रविवारी यायचंच बंद कराल. एरवी तुम्ही लेकीबरोबर येता, चहा पिता, जाता. माझ्याशी बोलायला म्हणून फक्त मैदानावर येता.’

माझा ताव पार उतरला. खोटं काय होतं त्यात? मी त्यांच्या शेजारी बसलो.

‘येईन की, मामा. बाकावर बसून तुमच्या चुका काढायला तरी येईन.’

‘या,’ ते म्हणाले, आणि एवढा आडदांड माणूस चक्क हुंदके देऊन रडायला लागला. आत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.