मिथिलअमाईनचा वास

अंथुर्ण्याच्या बिरूआबांची नात प्रतिक्षा बारामतीच्या कॉलेजात पीएच.डी. करत होती, आणि ती पुरी झाल्याशिवाय तिला लग्न करायचं नव्हतं. तिच्या आईचा, भागूबाईंचा, मात्र एकच धोशा, ‘‘पोरगी शिकून शिकून म्हातारी व्हायची!’’ त्यामुळे रविवार आला की कांदेपोहे, आणि पोह्यांपाठोपाठ पाव्हण्यांचा ठरलेला सवाल, ‘‘लगीन झाल्यावर शिक्षण बंद करशील न्हवं?’’

प्रतिक्षाचा विषय होता मिथिलअमाईन नावाचा एक साधा वायू. तापमान बदललं की त्याच्या रेणूची थरथर कशी बदलते, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची. या वायूला कुजक्या मासळीसारखा वास येतो, हे तिनं नुसतं पुस्तकात वाचलेलं. पण वाचलेलं वाया घालवील ती प्रतिक्षा कसली! बाजारातून सुक्या चिलापी मासळीची पुडी आणून ती पाव्हण्यांच्या खुर्चीखाली सारायची आणि तोंड पाडून म्हणायची, ‘‘माझ्या विषयाचा वास हाय. अंगात मुरलाय, जात न्हाय.’’ दोन स्थळं पोहे अर्धवट टाकून पळाली. आबांना सगळं कळत होतं, पण ते मिशीत हसून गप्प बसायचे.

मग पळसदेवचा मल्हार आला, सोबत त्याची आई. मासळीवाल्यांना बर्फ पुरवणं हा त्याचा धंदा. आईनं बसल्या बसल्या नाकाला पदर लावला. मल्हारनं मात्र पोहे चाटूनपुसून संपवले, आणि दोघांना बोलायला परसात धाडल्यावर तो प्रतिक्षाला हळूच म्हणाला, ‘‘चिलापी नीट सुकली न्हाय हो.’’

प्रतिक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘आता समद्यांना सांगणार?’’

‘‘आधी तुमी खरं काय करता ते सांगा.’’

हे तिला आजवर एकाही पाव्हण्यानं विचारलं नव्हतं. ती खुलली. ‘‘आबांची मेंढरं थंडीत एका कोपऱ्यात दाटून बसायची. ऊन चढलं की माळभर पांगायची. रेणूचंबी तसंच. किती ऊब मिळाली की थरथरायच्या किती तऱ्हा त्याला मोकळ्या होत्यात, ते मी मोजते.’’

‘‘म्हंजे माझ्या बर्फात समदी कोपऱ्यात?’’

‘‘जवळजवळ.’’

‘‘अन् तुमचं मोजून व्हायला?’’

‘‘दोन वर्सं तरी.’’

तो तडक घरात शिरला. झालं, आता भांडं फुटणार! प्रतिक्षा मागोमाग दाराशी आली. मल्हारनं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

‘‘आई, पोरगी मला पसंत हाय. पर वास लई वंगाळ. त्यो विषय पुरा झाल्याबिगर जायचा न्हाय म्हणती. दोन वर्सं थांबावं लागंल.’’

‘‘थांबू की रं बाबा!’’ आई पदराआडून घाईनं म्हणाली. ‘‘पर पोरी, पुरा कर हां. मधीच सोडू नगंस.’’

प्रतिक्षानं मान खाली घातली. हा माणूस तिला आवडला, साफ आवडला. भागूबाई पुन्हा चहा टाकायला उठल्या, आणि आबांनी खुर्चीखालची पुडी पायानं हळूच आणखी आत सारली.