आमिष व भोजन

आमच्या कार्यालयात दोन कायाक आल्या, त्या दिवशी मी रजेवर नव्हतो. इथूनच माझे ग्रह फिरले. हिंगोली जिल्ह्यात एका धरणाच्या काठाला चार खोल्यांचं आमचं कार्यालय. जलपर्यटनाची कुठलीशी योजना वरून सुटली, ती थेट आमच्या पत्र्यावर येऊन आदळली. ट्रकातून माल उतरताना पानटपरीवाल्यानं विचारलं, "बाबू, ह्ये काय हाय?"

"कायाक."

"तेच इचारून राहिलो, काय हाय?"

हे बोलणं पुढं महिनाभर मी गावातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाशी केलं. शेवटी वैतागून डेडस्टॉक रजिस्टरला 'होडी, प्लास्टिकची, पिवळी, बिनइंजिनाची, नग दोन' अशी नोंद घातली आणि विषय मिटवला. पर्यटक आलेच नाहीत. इकडे येणारा माणूस नरसीच्या देवळात दर्शन घेतो, रस्त्यावर भजी खातो आणि घरी जातो. पिवळ्या प्लास्टिकात बसून ढुंगण ओलं करायची हौस त्याला नाही.

मला होती, कारण माझी सकाळ रिकामी असायची. बायको वसमतला शाळेत शिकवते, पोरगी तिच्याजवळ, आणि मी इकडं भाड्याच्या खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी दोन बस बदलून जायचं, सोमवारी पहाटे पोरगी झोपेत असताना निघायचं. 'पती-पत्नी एकत्रीकरण' या सदराखाली मी चार वर्षं बदलीचा अर्ज करत होतो. सरकारनं इतकं मायेचं नाव दुसऱ्या कुठल्या कागदाला दिलेलं मी पाहिलं नाही, आणि त्या चार वर्षांत आमचं एकत्रीकरण फक्त फायलीत झालं.

तर सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मी आणि आमचे शिपाई चाचा कायाक काढायचो. चाचा निवृत्तीला टेकलेले, गळ टाकण्यात उस्ताद. काठाच्या शेवाळात बारके झिंगे असतात. जुन्या मच्छरदाणीचं झोळणं शेवाळाखालून उपसलं की मूठभर झिंगे टणाटण उड्या मारत वर येत. त्यातले अर्धे गळाला, मरळीसाठी आमिष म्हणून. अर्धे तव्यावर, तिखट-मीठ-हळद लावून, आमच्यासाठी. भांडण एकच असायचं. मी म्हणायचो, मोठे झिंगे आपण खाऊ, बारके माशाला देऊ. चाचा मान हलवायचे. "न्हाई बाबू. मछली को अच्छा देव, मछली अच्छा देती." आयुष्यभर कचेरीत काढलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान कुठून सुचलं, हे मी विचारलं नाही.

मार्चमध्ये वरून पत्र आलं की कायाकचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा. वापर-नोंदवही कोरी. माझ्या जागी शहाणा लिपिक असता तर त्यानं शंभरेक पर्यटक कागदावर बसवून धरणात फिरवून आणले असते. पण मला त्या दिवशी खरेपणाची उबळ आली. म्हटलं, अख्ख्या जिल्ह्यात ही होडी कोणी पाण्यात घातली असेल तर ती आपण, लिहायला लाज कसली? आणि 'वापराचे प्रयोजन' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'आमिष व भोजन.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठ दिवसांत कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय नौकेचा वापर आपण आमिष व भोजनासाठी केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर आमिष कोणास दाखविले, त्याचे नाव व पदनाम, तसेच भोजनास कोण उपस्थित होते, याचा खुलासा सात दिवसांत करावा. सरकारी मराठीत आमिष माणसालाच दाखवतात, हे मी साफ विसरलो होतो. आणि सही? ज्या साहेबांच्या टेबलावर माझा बदलीचा अर्ज पडून होता, त्यांचीच. सेवापुस्तकात एक ठपका पडला की वसमत संपलं.

मी खुलासा लिहिला : 'आमिष मरळ माशास दाखविले. नाव अवगत नाही. पदनाम नाही. भोजनास स्वतः व शिपाई.' चाचांनी तो वाचून घेतला आणि म्हणाले, "बराबर लिखे. पन साब को समजेगा न्हाई."

नाहीच समजला. साहेब प्रत्यक्ष पाहणीला आले. पुण्याकडचे, पांढरे बूट, सोबत फायलीची बॅग. त्यांना कायाकमध्ये पुढं बसवलं आणि मागं मी वल्हं मारू लागलो. झोळणं वर आलं, झिंगे उडाले, एक साहेबांच्या शर्टाच्या खिशात गेला. लहान मुलासारखे ओरडले ते! मग झोळणं माझ्या हातून काढून घेतलं आणि ऊन चढेपर्यंत परत दिलं नाही.

काठावर चाचांनी तवा ठेवला होता. वास सुटला तसे साहेब तव्याजवळ सरकले आणि थबकले. चौकशी ज्याची चालू आहे त्याच्या हातचं खाणं म्हणजे आमिष स्वीकारणं, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. थोडा विचार करून म्हणाले, "प्रयोजनाची पडताळणी करायला हवी." आणि पडताळणी सुरू झाली. आमच्या वाटणीचे संपले, मग गळासाठी राखलेले मोठेही तव्यावर गेले. चाचा माझ्या कानाशी आले. "लगी मछली, बाबू." मलाही तसंच वाटलं. त्या संध्याकाळी मी बायकोला फोन केला, तिनं पोरीला सांगितलं, आणि पोरीनं लगेच माझ्या कपड्यांसाठी कपाटातला एक खण रिकामा केला.

पंधरा दिवसांनी दोन कागद एकाच पाकिटातून आले. पहिला : खुलासा समाधानकारक, नोटीस निकाली. दुसरा मी उभ्यानं वाचायला लागलो आणि खाली बसलो. 'सदर कर्मचारी नौकानयनात जिल्ह्यातील एकमेव अनुभवी असून जलपर्यटन योजनेस अत्यावश्यक आहेत. सबब बदलीची विनंती मान्य करता येत नाही.' खाली साहेबांनी स्वतःच्या हातानं, मनापासून लिहिलं होतं : 'अत्यंत कामाचा माणूस.'

मला रडू आलं, आणि ते चाचांनी पाहिलं याचाही राग आला. संध्याकाळी तो शेरा मी बायकोला फोनवर वाचून दाखवला. मागं पोरगी विचारत होती, बाबा कधी येऊन राहिले.

मग बायको म्हणाली, "बारा वर्षं झाली लग्नाला. कधी कामाचे निघाले न्हाई तुमी. आत्ताच काहून निघाले?"