माय हसायची तेव्हा

आमच्या घरात चांगली बातमी कधी उभ्याने सांगितली गेली नाही. दहावीचा निकाल घेऊन मी शाळेतून पळत आले, तेव्हासुद्धा दारात थांबून, दम खात, पहिलं वाक्य म्हणाले ते, "माय, आधी बस." मायने हातातलं सूप खाली ठेवलं, भिंतीला पाठ लावली, पाय पसरले, पदर आवरला आणि म्हणाली, "हं, आता सांग." शेजारच्या रजियाआपांनी भिंतीपलीकडून तेवढं 'आधी बस' ऐकलं आणि पिठाच्या हातांनी धावत आल्या. "क्या हुआ गे, कौन गया?" जगात सगळीकडे माणसाला खाली बसवून वाईट बातमी सांगतात. आमच्याकडे उलटं होतं, आणि सोलापूरकडच्या वाशी गावातल्या आमच्या गल्लीला ते अंगवळणी पडायला बरीच वर्षं लागली.

कारण माय हसली की पडायची. हे मी अलंकारिक बोलत नाही. मनापासून हसू फुटलं, अचानक आनंद झाला, की आधी तिची मान लुळी पडायची, मग जबडा सुटायचा, मग गुडघे. ओलं लुगडं दोरीवरून घसरावं तशी ती खाली यायची. थोडा वेळ तशीच पडून राहायची आणि मग उठून, पदर झटकून, अर्धी राहिलेली भाकरी थापायला घ्यायची. शिवाय तिला दिवसा कुठेही झोप लागायची. तांदूळ निवडताना डोळे मिटलेले आणि बोटं चालूच, असं मी कितीदा पाहिलंय. सासरच्यांनी पहिल्यांदा तिला आळशी ठरवलं, मग 'फिट येती' म्हणाले, मग 'करणी केलीय कुणीतरी'.

त्यात गंमत अशी, की तिची शुद्ध कधीच जात नसे. पडलेली असताना तिला बोटसुद्धा हलवता यायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. लोक मात्र ती बेशुद्ध आहे असं समजून नाकाला कांदा लावत, चप्पल हुंगवत. "पडल्याचं काय न्हाय गं," ती सांगायची, "पर गावातल्या एकेकाच्या चपलीचा वास म्या वळखते." एकदा ती अशीच पडलेली असताना माझ्या आत्याने तिच्या उशाशी उभं राहून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सल्ला दिला, की हिला माहेरी धाडा आणि दुसरी करा. माय तेव्हा काही बोलली नाही. बोलणार कशी? दोन दिवसांनी आत्याला जेवायला वाढताना तिने शांतपणे विचारलं, "वन्सं, दुसरी आणली तर तिला आमटी अशीच करायला सांगू का थोडी तिखट?"

खरी परीक्षा मी जन्मल्यावर झाली. मी काही महिन्यांची असेन. माय मला कडेवर घेऊन दारात उभी होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने खिदळले. पोरीचं पहिलं हसू ऐकून कुठली आई हसणार नाही? ती हसली, आणि आम्ही दोघी उंबरठ्यावर कोसळलो. मला नुसतं टेंगूळ आलं, पण घर हादरलं. आत्या मला उचलून आपल्या गावी घेऊन गेली. "ही बाई लेकराला मारून टाकील," असं तिचं म्हणणं, आणि ते कुणालाच खोटं पाडता येईना.

काही दिवस माय तशीच राहिली. मग एका सकाळी काखोटीला गोधडी मारून ती एकटीच एसटीत बसली आणि आत्याच्या गावी उतरली. ओसरीवर गोधडी अंथरली, तिच्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "लेकरू हितं ठिवा. म्या उठनार न्हाय." आत्या ओरडली, शेजारणी जमल्या. मायचं एकच म्हणणं होतं, "उभी ऱ्हायले तर पडंल. बसलेलं मानूस कुठं पडतं?" संध्याकाळपर्यंत ती तिथून हलली नाही. शेवटी आत्यानेच मला आणून तिच्या मांडीवर ठेवलं. हे आत्यानेच मला पुढे सांगितलं, तेही कौतुकाने, जणू ती कल्पना तिचीच होती.

तेव्हापासून माय आम्हा भावंडांना जमिनीवर वाढवत गेली. आमच्या घरात पलंग आला नाही, स्वयंपाकाचा ओटा झाला नाही. चूल खाली, डबे खाली, देवसुद्धा खाली. वेणीफणी, अभ्यास, रुसवेफुगवे, मार, सगळं गोधडीवर. कडेवर बसून चांदोबा पाहिल्याची आठवण मला नाही. पण तिच्या मांडीचा आकार मला अजून पाठीला जाणवतो.

अण्णा एसटीत कंडक्टर होते आणि अख्ख्या डेपोत त्यांच्याइतका विनोदी माणूस नव्हता. देवाने जोडी जमवताना डोळे मिटले होते की मुद्दाम उघडे ठेवले होते, कोण जाणे. घरी आल्यावर दिवसभराच्या गमती त्यांच्या पोटात मावत नसत. मग त्यांनी एक रीत काढली. विनोद सांगण्याआधी ते ताटाच्या कडेवर बोटाने एकदा टण् करायचे. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. माय हातातलं खाली ठेवून भिंतीशी बसायची, मग अण्णा सुरू व्हायचे आणि ती खुशाल आडवी व्हायची. मी एकदा त्यांना रागावून म्हणाले, "कशाला हसवता तिला?" तर माय पडल्या पडल्या ऐकत होती. उठल्यावर मला म्हणाली, "पडायचं भ्या वाटून हसायचं सोडलं तर मंग उभं ऱ्हाऊन करू काय?"

मी हायस्कुलात असताना सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी या सगळ्याला नाव दिलं. नार्कोलेप्सी. ते म्हणाले, झोप आणि जाग यांच्यामधली भिंत यांच्या मेंदूत पातळ आहे, त्यामुळे आनंद झाला की अंग झोपी जातं आणि मन जागं राहतं. फार थोड्यांना होतो हा आजार. मायने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव हाय ना त्येला? मंग करणी न्हाय." तेवढ्याचाच तिला मोठा आधार वाटला. गोळ्यांनी पडणं पुष्कळ कमी झालं, लहानसहान हसू उभ्याने जमू लागलं. पण मोठा आनंद गोळीला जुमानत नसे.

मोठ्या आनंदासाठी तिची स्वतःची युक्ती होती, आणि तिच्यामुळे अनोळखी माणसांना ती फार कडक वाटायची. माया दाटून आली की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. मी सासरहून पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा ती माझ्याकडे न बघता दाराची चौकट धरून म्हणाली, "चपला तिकडं काढ." मला त्या तीन शब्दांतलं सगळं कळलं. आमच्यावर जितका जीव जास्त, तितकं तोंड वाकडं. "हसू आलं की म्या मनात कडुलिंबाचा पाला चावते," असं ती सांगायची.

मला मुलगी झाली ती माहेरीच. सासर ढोकीचं, सासरे साखर कारखान्यात नोकरीला, माणसं चांगली. पण मायला 'फिट येते' एवढंच सोयरिकीच्या वेळी अण्णांनी सांगितलेलं असल्यामुळे सासूबाईंच्या जिवाला घोर लागला होता. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला त्यांनी बाई लावायला सांगितली होती. मायने बाई लावली नाही. "माझ्या नातीला म्या न्हाऊ घालणार," ती म्हणाली, "बसूनच तर घालायचं आसतं." आणि तिने घातलं. पाटावर बसून, पाय पसरून, बाळाला पायांच्या खोबणीत ठेवून. रजियाआपा पाणी ओतायच्या आणि मुद्दाम नळाला पाणी कधी येतं, गटार कधी उपसणार, असलं रुक्ष बोलत राहायच्या. माय बाळाच्या तोंडाकडे बघायचीच नाही. पावलांवर नजर लावून, ओठ घट्ट मिटून, ती तेल चोळायची, आणि तिच्या हातांत इतकी माया असायची, की बाळ तिथेच झोपी जायचं. मी गोधडीवरून ते बघायची. एवढं प्रेम आणि एवढा आवर एका देहात कसा मावतो, मला कधी कळलं नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई निघता निघता म्हणाल्या, "आमी हिला आन् लेकराला संगंच न्यावं म्हंतो." सव्वा महिनाही झाला नव्हता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माय न्हाणीत होती, बाळाची अंघोळ चालू होती. सासूबाई न्हाणीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, एक इचारू? पोरगी झाली म्हणून तुमाला वाईट वाटलं का? काल आल्यापासनं बघती, लेकराकडं बघून एकदाबी हसला न्हाईत तुमी."

मी बोलायला तोंड उघडलं, पण माय आधी बोलली. बाळाला टॉवेलात गुंडाळत, पावलांवरची नजर न काढता ती म्हणाली, "हसले तर हात सुटतील, विहीणबाई."

सासूबाई नेसलेल्या नव्या लुगड्यासकट ओल्या फरशीवर मायच्या शेजारी बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "आना हिकडं ते लेकरू," त्या म्हणाल्या, "आन् आता हसा तुमी."

मायने बाळ त्यांच्या हातात दिलं. आपल्या रिकाम्या हातांकडे एकदा पाहिलं, पाठ भिंतीला टेकवली आणि मान वर करून बाळाच्या तोंडाकडे बघितलं. ती हसली. इतके दिवस साठवलेलं ते हसू होतं. ते पुरतं ओठांवर यायच्या आतच तिची मान कलली आणि ती भिंतीवरून हळूहळू घसरत खाली आली. कुणी कांदा आणला नाही, कुणी चप्पल शोधली नाही. सासूबाईंनी मला विचारलं, "त्यास्नी ऐकू येतंय न्हवं?" मी म्हणाले, "सगळं." तेव्हा त्या बाळासकट वाकल्या, बाळाचा गाल मायच्या गालाला लावला आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "लेकरू ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पाचव्या म्हैन्यात येते न्यायला." मायच्या डोळ्यांतून पाणी नाकावरून ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठत नव्हता. मी पुसलं.

तिची जीभ परत आली तेव्हा ती कुणाचे आभार वगैरे मानील, असं मला वाटलं होतं. ती उठून बसली, बाळाकडे टक लावून बघत राहिली आणि माझ्यावर डाफरली, "आगं, हिच्या गालाला खळी पडती. मला कुनी सांगितलं का न्हाय?"

खळी आम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती.