शेठची क्रेन इंटरनेटवर

किस्से जमवावे लागत नाहीत. एका छपराखाली चार माणसं बसवा, त्यातल्या एकाला दुबईहून परत आणा आणि त्याच्या टेबलावर इंटरनेट द्या. बाकीचं आपोआप होतं! आमच्या ऑफिसात तर इतके किस्से झाले, की नवीन माणूस चहा प्यायला आला तर त्याला कुठून सांगायला सुरुवात करावी, यावरच आमचं भांडण व्हायचं.

ऑफिस महाडला हायवेला लागून. इस्माइलशेठच्या दोन क्रेन. घाटात ट्रक उलटला, की आमची क्रेन जाऊन तो उभा करणार, एवढाच धंदा. मी फोन उचलायचो. पोलादपूरचा धोंडूदादा क्रेन चालवायचा. आणि साजिद, म्हणजे शेठच्या बहिणीचा मुलगा, दुबईची नोकरी सोडून आलेला.

साजिद का आला, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सुट्टीवर घरी आला तेव्हा त्याची तीन वर्षांची मुलगी दाराआड लपली आणि आईला म्हणाली, "दुबईवाले काका आले." त्याने परत जायचं नाही असं ठरवलं. हे ऐकून मलाही वाईट वाटलं होतं. शेठलाही वाटलं असणार, पण शेठ तसं दाखवणारा माणूस नाही. धंद्याची जाहिरात आता कॉम्प्युटरवर करायची, मोठमोठ्या लोकांच्या साइटवर, असं साजिद म्हणाला, तेव्हा शेठने एकच अट घातली.

"ईदपर्यंत कॉम्प्युटरवरून एक काम आणून दाखव. एकच! नाय आणलंस तर दुबईला परत. हितं बसून खायला घालायला माझ्याकडं क्रेन हाय, खजिना नाय!"

*

पहिलं काम प्रोफाइलचं. फोटो पाहिजे, आणि फोटोत टाय पाहिजे! शेठ 'फाउंडर अँड चेअरमन' झाले. मी फोन उचलायचो, तो 'हेड, क्लायंट रिलेशन्स' झालो. पगार तोच!

धोंडूदादाला 'सीनियर ऑपरेशन्स स्पेशालिस्ट' करायचं होतं. साजिद माझ्या लग्नातला टाय घेऊन क्रेनपाशी गेला. धोंडूदादाने टाय हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"गळ्यात दोर आमी ट्रकच्या घालतो रे. आपल्या नाय."

*

मग कनेक्शन वाढवायची मोहीम. ओळखीचे जेवढे ईमेल मिळाले तेवढ्यांना साजिदने आमंत्रण धाडलं. 'मला तुम्हाला माझ्या व्यावसायिक नेटवर्कमध्ये सामील करून घ्यायला आवडेल', हे सगळं इंग्रजीत.

समोरच्या टायरवाल्याला त्याच्या मुलाने ईमेल काढून दिला होता. त्याला आयुष्यात पहिल्यांदा ईमेल आला, तो साजिदचा! त्याने सायबर कॅफेत कागदावर छापून घेतला आणि हायवे ओलांडून तडक आमच्या ऑफिसात शिरला. चेहरा लाल!

"साजिदभाय, आपला वाद काय हाय तो तोंडावर बोला! गेली वीस वर्षं समोरासमोर दुकान हाय, आणि आज एकदम इंग्रजीत नोटीस?"

त्याला बसवून, चहा पाजून, ही मैत्रीची मागणी आहे हे पटवायला आमची दुपार गेली. जाताना तो दारात थांबला.

"मैत्रीच होती ना रे? मग कागद कशाला केलात!"

*

साइटवर शिफारस लिहायची सोय होती. आपल्या माणसांनी आपल्याबद्दल चांगलं लिहायचं, म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. साजिद धोंडूदादाला म्हणाला, "शेठबद्दल दोन शब्द सांगा, मी इंग्रजीत लिहितो."

धोंडूदादाने बराच विचार केला. "लिव, शेठ चांगला मानूस हाय. पगार एक तारखेला देत नाय, पन देतो."

साजिदने लिहिलं, 'अत्यंत लवचिक नेतृत्व.'

*

मध्येच साजिद पुण्याच्या एका सरांचा दोन दिवसांचा कोर्स करून आला. सर म्हणाले होते, "आधी ऑडियन्स कमवा. रोज एक विचार लिहा. लोक विचारामागे येतात, धंदा लोकांमागे येतो." सरांचा स्वतःचा धंदा कुणामागे येत होता, ते आम्ही विचारलं नाही. कोर्सची फी भरलेले त्यांच्यामागे आलेच होते की!

साजिद रोज सकाळी चहा पिताना एक विचार लिहू लागला. 'घाट अवघड असतो, म्हणूनच वरचं दृश्य सुंदर असतं.' धोंडूदादाला हे मराठीत सांगितलं, तर तो म्हणाला, "वर धुकं असतं."

एक दिवस साजिदने लिहिलं, 'प्रत्येक उलटलेला ट्रक ही एक संधी आहे.' आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या ट्रकमालकाची गाडी त्याच आठवड्यात वरंधच्या रस्त्याला उलटली होती. त्याच्या मुंबईच्या पुतण्याने तो विचार वाचला आणि काकाला फोनवर अर्थासकट ऐकवला!

ट्रकमालक आला तो थेट शेठच्या टेबलावर हात आपटत. "माझी गाडी गेली, ड्रायव्हरचा पाय मोडला, आणि तुमाला संधी?"

शेठने माफी मागितली, गाडी फुकट उभी करून दिली आणि तो गेल्यावर भाच्याकडे वळले.

"मयताच्या घरी जाऊन हार विकतोस काय रे?"

*

तरी ऑडियन्स वाढत होता, हे खरं. दरीतून ट्रक वर ओढतानाचा एक फोटो साजिदने टाकला, तर नॉर्वेच्या क्रेनवाल्याने 'शाब्बास' लिहिलं. केनियाचा एक जण म्हणाला, 'प्रेरणादायी.' साजिदने शेठला सगळं वाचून दाखवलं. शेठने ऐकून विचारलं,

"ह्यातल्या कोनाचा ट्रक कशेडी घाटातून जातो?"

"मामू, हे गिऱ्हाईक नाहीत. ऑडियन्स आहे."

"टाळ्या वाजवणारे सगळे लांब," शेठ म्हणाले, "आणि गाड्या उलटणारे सगळे हितं!"

*

ईद जवळ येत चालली तसा साजिद दिवसभर स्क्रीनला चिकटून बसू लागला. तेवढ्यात त्याला एक खरं लीड, म्हणजे होऊ घातलेलं गिऱ्हाईक, मिळालं. 'ग्लोबल सप्लाय चेन लीडर', फोटोत कोट, मागे उंच इमारती. दोघांची इंग्रजीत पत्रापत्री सुरू झाली. 'आपल्यात बरीच सिनर्जी आहे.' 'नक्कीच, आपण भेटलं पाहिजे.' समोरचा म्हणाला, योगायोगाने मी या आठवड्यात महाडच्या बाजूलाच आहे!

साजिद कोट घालून हॉटेलात गेला. मला क्लायंट रिलेशन्सचा हेड म्हणून बरोबर नेलं. पाहुणाही कोटातच आला. दोघांना घामाच्या धारा! रोजे चालू, त्यामुळे दोघंही काही खाणार नव्हते. साजिदने बळेबळे माझ्यासाठी मिसळ मागवली, तर पाहुणा वेटरला म्हणाला, "बिल मी देणार!" साजिद म्हणाला, "छे छे, तुम्ही आमचे पाहुणे!" आग्रह इतका, की मिसळ निवली.

मग दोघांनी एकाच वेळी बॅग उघडली, एकाच वेळी ब्रोशर काढलं आणि एकाच वेळी विचारलं, "तर मग, तुमची रिक्वायरमेंट काय आहे?"

तो दासगावचा निघाला. कुवेतहून परत आला होता आणि त्याच्याकडे एक टेम्पो होता. त्यालाही गिऱ्हाईकच पाहिजे होतं. शेवटी बिल मीच दिलं.

*

ईद तोंडावर आली तरी काम काही आलं नाही. एका सकाळी शेठ ऑफिसात आले, साजिदकडून पासपोर्ट मागून घेतला आणि खिशात घातला. चिपळूणला ओळखीचा व्हिसावाला एजंट होता. शेठ त्याच्याकडे न बघता जीपमध्ये बसले आणि निघून गेले. धोंडूदादा बाहेर क्रेन पुसत होता. मला त्या दिवशी चहा गेला नाही.

तासाभरात साजिद खुर्चीतून उडालाच. "आलं! मेसेज आला!"

मुंबईच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा मॅनेजर होता. 'कशेडीत क्रेन हवी आहे. तुमच्या प्रोफाइलवर फोन नंबर नाही. कृपया नंबर द्या.'

नंबर आधी होता. साजिदने तो काढून टाकला होता, कारण सर म्हणाले होते, नंबर दिला की आपण गरजू दिसतो. आमचा नंबर घाटातल्या प्रत्येक दरडीवर ऑइलपेंटने रंगवलेला होता, त्याचं सरांना काय!

मी म्हटलं, "अरे, नंबर दे आणि मोकळा हो."

"घाई करायची नाही. पहिल्याच मेसेजला धावलं की भाव पडतो. आधी त्यांची अडचण समजून घ्यायची." हे काम सुटलं तर दुबई, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. त्याने लिहिलं, 'संपर्क केल्याबद्दल आभार. आपल्यासमोरचं सर्वात मोठं आव्हान कोणतं?'

उत्तर आलं, 'ट्रक रस्त्यात आडवा पडला आहे.'

साजिदने सरांची वही न बघता, पाठ असल्यासारखं लिहिलं, 'मी आपली भावना समजू शकतो. आपल्याला दीर्घकालीन भागीदारीत रस आहे का?'

"अर्जंट!" असं उत्तर आलं. साजिद माझ्याकडे वळून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. "बघितलंत? इंटरेस्ट वाढतोय!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेठ! मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. रोज्याचा दिवस, डोक्यावर ऊन, आवाज पार बसलेला.

"कशेडीत अडकलोय. पुढं ट्रक आडवा पडलाय, दोन्ही बाजूंनी लाइन लागलीय. ड्रायव्हरला म्हटलं, दरडीवर माझा नंबर हाय, फोन का नाय केलास? तर म्हणतो, मुंबईहून मालकाची ऑर्डर हाय, दुसरी क्रेन बोलवायची नाय. महाडच्या कुठल्या मोठ्या एजन्सीशी कॉम्प्युटरवर बोलणी चालू हायत! साजिदला दे."

मी फोन साजिदला दिला. शेठ इतक्या मोठ्याने बोलत होते, की बाहेर धोंडूदादालाही ऐकू गेलं आणि त्याने क्रेन चालू केली.

"साजिद, तुझं काम आलंय रे कॉम्प्युटरवरून. मी त्याच्याच मागं उभा हाय!"

साजिदचा चेहरा पांढरा पडला. फोनमधून हॉर्न वाजतच होते. मग त्याने हळूच विचारलं,

"मामू... म्हणजे हे काम धरलं ना?"