स्लॅबखालची सावली

आमच्या नगरपालिकेनं उन्हाळ्याचा आराखडा करायचं ठरवलं, तेव्हा तो लिहायचं काम माझ्याकडं आलं. उन्हाळे कडक होत चालले होते आणि वरून आदेश होता की ऊन वाढल्यावर गावानं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. नेमकं त्याच आठवड्यात मुलीला लातूरला क्लासला घालायचं होतं. खोली, मेस, प्रवेश. सगळं मन तिकडं. मी दुसऱ्या एका शहराचा आराखडा समोर ठेवला, ठिकाणांची नावं बदलली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन दिला. पत्र्याच्या घरांतल्या वयस्कर माणसांना दुपारी जवळच्या पक्क्या इमारतीत आणून बसवावं, असं त्यात होतं. आमच्याकडं समाजमंदिर होतंच. वर स्लॅब, आत पंखे, प्यायला पाणी.

आमच्या भागात हे चालणार नव्हतं. भूकंपात माळवदं बसली, मातीच्या जड छतांखाली माणसं गेली. तेव्हापासून कित्येकांना डोक्यावर जड काही सोसत नाही. सरकारनं दिलेल्या स्लॅबच्या घरात कडबा आणि शेळ्या, माणसं मात्र बाहेर पत्र्यात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी थोरली बहीण, अक्का, तशीच राहायची. दाजी आणि तिची लेक त्या पहाटे माळवदाखाली गेले. ती माझ्याकडं आली तेव्हा अंगणात पत्र्याची खोली मीच घालून दिली होती.

मे महिन्यात अंगणवाडीच्या बाई तिला न्यायला आल्या. भावाचं काम म्हणून ती निघाली. समाजमंदिराच्या दारात थांबली आणि वर बघितलं.

"वर सलाब हाय की."

"अहो अक्का, आत गार हाय. पंखा हाय."

"असू द्या. तुम्ही व्हा आत. म्हातारी शेळी कुठंबी बांधली तरी बसती."

पायरीवरच बसली. ती पायरी पश्चिमेची, दुपारभर उन्हात. मला निरोप आला तोवर अक्का तिथंच आडवी झाली होती. दवाखान्यात जीव वाचला, पण तोल गेला तो गेलाच. आता ती भिंत धरून मोरीपर्यंत जाते, तेवढंच.

पुढच्या उन्हाळ्याआधी बैठक झाली. मी म्हणालो, स्लॅबला भिणाऱ्यांसाठी समाजमंदिराशेजारी बांबू आणि गवताचा मंडप घालू.

साहेब खूश झाले. "वा! याला म्हणतात स्थानिक अनुभव. पुस्तकात सापडत नाही हे."

लोकांनी टेबलं वाजवली. पहिला आराखडा मी बघून उतरवला होता, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाणी प्यालो आणि खाली बसलो.

मंडप उभा राहिला त्या दिवशी अक्काला म्हणालो, "चल, रिक्षानं नेतो. वर नुसतं गवत हाय."

"लई चांगलं केलंस. पण हालत्या रिक्षात मला बसवंना रं आता."

मग तिनं रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "तवा सलाबाखाली बसा म्हून लिव्हलंस, तवा माझी लेक इसरला होतास व्हय?"

आराखडा लिहिताना तिची लेक माझ्या मनात एकदाही आली नव्हती. मी "व्हय" म्हणालो.




अक्कानं मान हलवली आणि पाण्याचा तांब्या मागितला.